काटा उतरला, पण पाणी गेले कुठे? एका घरगुती जिओथर्मल लूपचे प्रकरण

पार्श्वभूमी

घर न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातले, दुमजली, खाली तळघर. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. जुनी प्रोपेनची भट्टी काढून तिच्या जागी ३ टनी (साधारण १०.५ किलोवॉट) जिओथर्मल हीट पंप बसवला होता. त्यासाठी अंगणात ६० मीटर खोलीचे तीन बोअर घेतले. बोअर आपल्याकडच्या बोअरवेलसारखेच, फक्त त्यांतून पाणी काढायचे नसते. प्रत्येक बोअरमध्ये १ इंची एचडीपीई नळी (पीई४७१० प्रतीचे प्लास्टिक; डीआर-११ म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) खालपर्यंत नेऊन वळवून परत वर आणतात, भोवती बेंटोनाइट माती आणि सिलिका वाळूचे ग्राउट (पोकळी बुजवणारे मिश्रण) भरतात. मग त्या बंद नळीत, म्हणजे लूपमध्ये, तेच ते द्रव फिरत राहते आणि जमिनीतली ऊब तळघरात आणते.

तिन्ही लूप दीड मीटर खोल चरात सव्वा इंची हेडरला (सगळ्या लूपांच्या सामाईक नळीला) समांतर जोडले होते. तिथून तळघरापर्यंत जायची आणि यायची नळी प्रत्येकी २५ मीटर. पुढचे सगळे गणित यावर उभे असल्यामुळे आकारमान इथेच मांडलेले बरे. १ इंची डीआर-११ नळीत मीटरमागे ०.५८७ लिटर द्रव मावते, सव्वा इंचीत ०.९३५ लिटर. म्हणजे बोअरमध्ये ३६० मीटरचे २११ लिटर, हेडरमध्ये ५० मीटरचे ४७ लिटर आणि तळघरातल्या नळ्या व उष्णता-विनिमयकात सुमारे १० लिटर. एकूण २६८.

काम दोन ठेकेदारांत वाटलेले होते. बोअर घेणाऱ्याने प्रत्येक लूप सुटा असताना पाण्याने १०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाला तपासला, खाली सोडला, ग्राउट भरले. हेडरचे सांधे गरम करून जोडले आणि चर बुजवून तो निघून गेला. हेडर जोडल्यानंतर सगळ्या जमिनीखालच्या भागाची एकत्र चाचणी झाली नाही. हीट पंपवाल्याने ते काम बोअरवाल्याचे धरले, बोअरवाल्याने हीट पंपवाल्याचे.

हीट पंपवाल्याने घरच्या विहिरीच्या पाण्याची बागेची नळी लावून लूप भरला, बुडबुडे थांबल्यासारखे दिसेपर्यंत पाणी वाहू दिले, प्रोपिलीन ग्लायकॉलच्या (पाणी गोठू न देणाऱ्या अँटीफ्रीझच्या) १९ लिटरच्या तीन बादल्या ओतल्या, ६० पीएसआय (४.१ बार) दाब दिला आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र सुरू केले.

समस्या

चौदा दिवसांत दाबाचा काटा ६० वरून २२ पीएसआयवर आला. घरमालकांनी बागेच्या नळीनेच पाणी भरून तो ५० वर नेला. तो पुन्हा ३० वर आला. पुन्हा भरले. तिसऱ्यांदा भरल्यावर नोव्हेंबरच्या मध्याला यंत्र लॉकआउट झाले, म्हणजे संरक्षणासाठी आपोआप बंद पडले, आणि घर १० किलोवॉटच्या विजेच्या जादा हीटरवर आले. द्रव फिरवणाऱ्या सर्क्युलेटर पंपांत गुळगुळ आवाज येत होता.

बुजवलेल्या हेडरचा सांधा गळतोय, हा पहिला आणि सगळ्यांना पटलेला अंदाज. त्यात घाईही होती. या भागात जमीन एकदा गोठली की चर उकरणे एप्रिलपर्यंत अवघड, त्यामुळे उकरायचे तर आठ-दहा दिवसांत, असा दबाव आला. जेसीबीवाल्याशी बोलणेही झाले होते.

उकरण्याआधी हाती असलेले पुरावे

तळघरातल्या तीन मापांनी वेगळेच सांगितले.

विनिमयकाच्या दोन बाजूंच्या दाब-तापमान पोर्टांतला फरक १.५ पीएसआय होता. यंत्राच्या तक्त्याप्रमाणे तो मिनिटाला सुमारे २१ लिटर प्रवाह दाखवतो. ३ टनी यंत्राला ३४ लिटर हवेत. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या द्रवातला तापमानफरक साडेपाच अंश होता, जो साडेतीनच्या आसपास असायला हवा. प्रवाह कमी पडत होता आणि लॉकआउटचे थेट कारण तेच होते. कंट्रोल बोर्डावरचा गोठण-संरक्षणाचा जंपर (निवड ठरवणारी छोटी जोडपट्टी) तपासला. तो 'पाणी' ऐवजी 'अँटीफ्रीझ'वर होता, म्हणजे बरोबर.

दुसरे माप रिफ्रॅक्टोमीटरचे, म्हणजे द्रवातले ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाचे, आणि ते सगळ्यांत बोलके होते. ठेकेदाराच्या कागदावर सुमारे २३० लिटरला २५ टक्के असा हिशेब होता. त्याने हेडरची लांबी एकेरी धरली आणि तळघरातल्या नळ्या पुरत्या मोजल्या नाहीत. खऱ्या २६८ लिटरमध्ये तीन बादल्या, म्हणजे ५७ लिटर, पडल्या तर २१ टक्के यायला हवेत. रिफ्रॅक्टोमीटरने २९ दाखवले. वर पाणी तीनदा भरलेले असताना प्रमाण वाढते कसे? एका लूपचे ७० लिटर वजा करून पाहिले. १९८ लिटरमध्ये ५७ लिटर म्हणजे बरोबर २९ टक्के. म्हणजे तिघांतला एक लूप पहिल्या दिवसापासून फिरतच नव्हता. त्यात नुसते पाणी आणि हवा होती.

तिसरे, दाबाची दिशा. एचडीपीई थंडीत पाण्यापेक्षा जास्त आकसते, म्हणून बंद लूपमधला दाब हिवाळ्यात चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. स्टीलच्या नळ्यांची सवय असलेल्याला हे उलटे वाटते. 'थंडी पडली म्हणून दाब उतरला असेल' हा घरमालकांना मिळालेला दिलासा म्हणूनच खोटा होता. यंत्र चालू होऊन लूप थंड होत असताना काटा इतका उतरणे म्हणजे कारण थंडी नाही, दुसरेच काही आहे.

मात्र ते गळतीच आहे, असे अजून ठरत नव्हते. दाब उतरायला चार कारणे असू शकतात: गळती, दाबाखाली नळीचे सावकाश फुगणे, अडकलेल्या हवेचे द्रवात विरघळणे आणि तापमान. चौघांचा परिणाम काट्यावर एकसारखाच दिसतो. त्यांना वेगळे करायचे तर किती लिटर आत गेले ते मोजावे लागते, आणि घरमालकांनी तीनदा भरलेल्या पाण्याची कुठेच नोंद नव्हती.

पर्याय

पाणी भरत राहून हिवाळा काढणे हा पर्याय लगेच बाद झाला. प्रवाह अपुरा असताना विनिमयक गोठून फुटण्याचा धोका होता. तो फुटला तर पाणी रेफ्रिजरंटच्या बाजूला शिरते आणि यंत्रच जाते.

लगेच चर उकरण्याच्या बाजूने हवामान होते, विरुद्ध बाजूने रिफ्रॅक्टोमीटर. हेडरचे सगळे सांधे उघडे करायचे तर जवळजवळ पूर्ण चर उकरावा लागला असता. त्यातही मिनिटाला थेंब-दोन थेंबांची गळती ओल्या मातीत डोळ्यांना दिसेलच असे नाही.

गळती बुजवणारे रसायन टाकायचे असेही एकाने सुचवले. ते विनिमयकाच्या अरुंद मार्गात बसते. त्यावर चर्चा लांबली नाही.

कॉम्प्रेसरने हवा भरून चाचणी करायचा मोह प्लंबरांना नेहमी होतो, कारण हवा सोपी आणि कोरडी. पण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या कितीतरी पट असते. सांधा सुटला तर नळीचे टोक चाबकासारखे फिरते. शिवाय इथे हवा बाहेर काढायची होती, आणखी आत भरायची नव्हती.

शेवटी ठरले ते असे: आधी हवा पूर्ण काढायची, मग जमिनीकडचा आणि घराकडचा भाग वेगळा करून दोन्हींची स्वतंत्र चाचणी घ्यायची. क्रम महत्त्वाचा होता. हवा असलेल्या लूपची पाण्याची दाबचाचणी निरर्थक ठरते, कारण हवा दाबली जाते, विरघळते, आणि काटा गळती नसतानाही उतरतो. चाचणी नापास झाली तरच जेसीबी.

पहिली पायरी: हवा काढणे

नळीतली हवा वाहून न्यायला प्रत्येक भागात द्रवाचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर (२ फूट) लागतो. याचे कारण उभ्या नळीत कळते. हवेला वर यायचे असते आणि उतरत्या नळीतल्या पाण्याने तिला ६० मीटर खाली ओढून दुसऱ्या बाजूने वर काढायचे असते. १ इंची नळीत या वेगाला मिनिटाला २१.४ लिटर लागतात, तीन समांतर लूपना ६४. बागेची नळी देत होती सुमारे २२. त्याची तीन ठिकाणी वाटणी झाली की प्रत्येकी ७ लिटर, वेग ०.२ मीटर. पाणी वाहत होते, पण हवा जागची हलत नव्हती.

समांतर लूपची आणखी एक खोड आहे. उतरत्या नळीच्या माथ्याशी तीन मीटर हवा अडकली तर त्या लूपवर तीन मीटर पाण्याइतका उलटा दाब उभा राहतो. शेजारच्या भरलेल्या लूपमधून जायला पाण्याला त्याहून कमी दाब पुरत असेल तर सगळे पाणी तिकडूनच जाते. बाहेर येणारी धार स्वच्छ, बुडबुडे नाहीत, आणि एक लूप मेलेला. हीट पंपवाल्याने 'बुडबुडे थांबले' म्हटले ते खरेच होते.

२ अश्वशक्तीची फ्लश कार्ट भाड्याने आणली: २५ सेंटीमीटर व्यासाची पारदर्शक टाकी, पिशवीचा फिल्टर, सव्वा इंची नळ्या. इथे पहिला खरा निर्णय आला. आतले ग्लायकॉल मिश्रण काढून साध्या पाण्याने धुवायचे, की त्याच मिश्रणाने? साधे पाणी पातळ, त्यातून बुडबुडे लवकर सुटतात. मिश्रण दाट, त्यात बारीक फेस रेंगाळतो. पण पाणी वापरायचे तर २०० लिटरच्या वर मिश्रण पिंपांत काढून विल्हेवाट लावायची आणि नवे ग्लायकॉल आणायचे. कार्टचा पंप पुरेसा ताकदवान असल्यामुळे त्याच मिश्रणाने धुवायचे ठरले.

फ्लो सेंटरचे (लूपचे पंप आणि व्हॉल्व्ह असलेल्या पेटीचे) तीन-मार्गी व्हॉल्व्ह फिरवून आधी फक्त जमिनीकडचा भाग कार्टला जोडला. पहिली वीस मिनिटे नेहमीच्या दिशेने चालवून परतीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि पंपाला ४५ पीएसआयपर्यंत दाब चढवू दिला. टाकीतली पातळी १४ सेंटीमीटर उतरली. या व्यासाच्या टाकीत ५ सेंटीमीटरपर्यंत उतार नळी फुगण्यात जातो आणि तो चालतो. त्यापेक्षा जास्त उतरली तर आत हवा दाबली गेलेली असते. १४ सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ ७ लिटर. त्यातले लिटरभर नळीचे धरले तरी साध्या दाबाला आत आठेक लिटर हवा असल्याचा हिशेब निघाला.

मग दिशा उलटवली. जी नळी उतरती होती ती आता चढती झाली आणि हवेला जिकडे जायचे होते तिकडेच पाणी निघाले. दोन मिनिटांच्या आत टाकीत हवेचा मोठा लोट आला, द्रव उसळून बाहेर सांडले. त्यानंतर पंधरा मिनिटांनी रिफ्रॅक्टोमीटर लावला तेव्हा २९ चे २२ झाले होते. मेलेला लूप फिरू लागल्याची ही पक्की खूण. दोन्ही दिशांनी आलटून पालटून आणखी दोन तास चालवले, मधूनमधून परतीचा व्हॉल्व्ह झटक्याने बंद-उघड केला, शेवटी घराकडचा भागही धुतला. पातळीचा उतार ३ सेंटीमीटरवर आला आणि प्रमाण २१ टक्क्यांवर स्थिरावले.

दुसरी पायरी: जमिनीकडच्या भागाची दाबचाचणी

प्लास्टिक नळ्यांच्या दाबचाचणीसाठीच्या एएसटीएम एफ२१६४ या अमेरिकी मानकाची पद्धत वापरली. चाचणीचा दाब चालू दाबाच्या दीडपट, म्हणजे ९० पीएसआय (६.२ बार). बोअरच्या तळाशी ६० मीटर पाण्याच्या स्तंभाचे आणखी ८५ पीएसआय असतात, तेव्हा तळाच्या वळणावर १७५. पीई४७१० डीआर-११ नळीची क्षमता २०० पीएसआय असल्यामुळे हे बसते. बोअर आणखी खोल असते तर वरचा दाब कमी ठेवावा लागला असता. हा हिशेब बरेच जण करत नाहीत. फ्लो सेंटर आणि यंत्र व्हॉल्व्हनी अलग करून ठेवले. विनिमयक आणि पंपाच्या सीलांना हा दाब दाखवायचे कारण नव्हते. पूर्वीचा २०० पीएसआयचा गेज काढून १ पीएसआयच्या खुणांचा गेज लावला.

हातपंपाने दाब चढवताना बादलीतून आत गेलेले द्रव मोजपात्राने मोजले. ९० पर्यंत न्यायला २.३ लिटर लागले. मग चार तास दर थोड्या वेळाने थोडे थोडे भरत दाब ९० वर धरून ठेवला. पहिल्या तासात ०.६ लिटर लागले, दुसऱ्यात ०.३, तिसऱ्यात ०.२, चौथ्यात ०.१.

या चार आकड्यांतच उत्तर होते. एचडीपीई दाबाखाली ताणत राहते, पण ताणण्याचा वेग तासागणिक कमी होतो. भोकातून होणारी गळती तशी नसते. दाब तोच असेल तर पहिल्या तासाला जितके द्रव जाते तितकेच चौथ्या तासाला जाते. आकडे घसरत शून्याकडे गेले तर नळी ताणते आहे. एका जागी थांबले तर गळती.

नंतर दाब १० पीएसआयने कमी करून ८० वर आणला, सगळे बंद केले आणि तासभर हात लावला नाही. मानकाप्रमाणे तो ५ टक्क्यांच्या, म्हणजे ४ पीएसआयच्या आत राहायला हवा. काटा आधी ८१ वर चढला आणि तासाअखेर ८० वर होता. दाब सोडल्यावर ताणलेली नळी थोडी आखडते म्हणून हा चढ येतो. गळक्या लूपमध्ये तो टिकत नाही. चाचणी नापास झाली असती तर दाब सोडून नळीला किमान आठ तास विसावा दिल्याशिवाय पुन्हा घेता आली नसती. हा नियम मोडून लागोपाठ चाचण्या घेतल्या की आकडे फसवतात.

जेसीबीवाल्याला येऊ नका म्हणून कळवले.

गळती घरात सापडली

घराकडचा भाग ६० पीएसआयला ठेवून सगळ्या सांध्यांवरचे काळे फोमचे वेष्टण काढले आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळला. दोन तासांनी एकच कागद ओला होता: हेडर तळघरात शिरतो तिथल्या पितळी युनियनचा (खोलता येणाऱ्या सांध्याचा). मिनिटाला जेमतेम एक थेंब. फोमच्या आत चिकट, पांढरट थर साचला होता. ग्लायकॉल पाण्यासारखे वाळून नाहीसे होत नाही, थर सोडते. वेष्टण दाबून पाहिले असते तरी हाताला लागले असते.

युनियन खोलली तर ओ-रिंग एका बाजूला चिमटली होती आणि तिच्यावर पेट्रोलियम जेली होती. ईपीडीएम रबर पेट्रोलियमने फुगते. तिथे सिलिकॉन ग्रीसच लावायचे. नवी ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, आधी हाताने आवळून मग पान्याचा पाव वेढा. पुन्हा दोन तास टिश्यू कोरडा.

मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला सुमारे ७० मिलिलिटर, चौदा दिवसांत एक लिटर. आत हवा असताना लूप इतका मऊ होता की एका पीएसआयमागे ८० ते ९० मिलिलिटर लागत होते. तेव्हा ६० वरून २२ पर्यंतच्या घसरणीत गळतीचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास. बाकीचा भाग नळीच्या ताणण्याचा आणि हवा विरघळण्याचा. नुसती युनियन बदलली असती तर काटा तरीही उतरला असता, आणि मग चर नक्की उकरला गेला असता.

मिश्रण आणि शेवटचा दाब

२१ चे २५ टक्के करायला १३ लिटर मिश्रण काढून तितकेच शुद्ध ग्लायकॉल घातले आणि कार्टने अर्धा तास फिरवले. २५ टक्क्यांना गोठणबिंदू उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. शेवटचा दाब ५० पीएसआय ठेवला.

प्रवाह मिनिटाला ३४ लिटरवर आला, तापमानफरक ३.६ अंश. पहिल्या आठवड्यात दाब ४६ पर्यंत उतरला. नळीच्या ताणण्याचा उरलेला भाग म्हणून तो अपेक्षितच होता, त्यामुळे भरला नाही. जानेवारीच्या कडाक्यात काटा ५२ वर, जुलैत ४१ वर होता. मधल्या काळात एक थेंबही भरला नाही.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत स्वस्त संधी चर उघडा असताना गेली. हेडर जोडल्यावर तिथेच ९० पीएसआयची चाचणी घेऊन, गेज लावलेला ठेवूनच माती लोटली असती तर नोव्हेंबरात जमिनीवर संशयच उरला नसता. ही चाचणी कोणी घ्यायची, ते करारात एका ओळीत लिहावे लागते.

फ्लो सेंटरच्या दोन्ही बाजूंना बंद करता येणारे व्हॉल्व्ह होते, हे या घराचे नशीब. अनेक ठिकाणी ते नसतात आणि मग जमीन व घर वेगळे तपासताच येत नाहीत.

घरमालकांना कोणी दोष दिला नाही, पण तीनदा भरलेले पाणी बादलीने मोजून तारखेसह लिहिले असते तर निदान निम्म्या वेळात झाले असते. आता गेजशेजारी एक वही टांगली आहे. तीत तारीख, दाब, येणाऱ्या द्रवाचे तापमान आणि भरले असल्यास लिटर, असे चार रकाने आहेत.

जुने मिश्रण वापरण्याचा निर्णय मात्र अजून वादाचा आहे. विहिरीचे पाणी कठीण आहे, त्यात लोहही आहे. ग्लायकॉलमध्ये घालायचे पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयनाइज्ड असावे असे उत्पादक सांगतात, कारण कठीण पाण्यातले क्षार गंजरोधक रसायन खाऊन टाकतात. त्या दिवशी वेळ आणि पैसा वाचला; त्याची किंमत पीएचमध्ये दिसेल. दर ऑक्टोबरात नमुना काढून तो मोजायचा ठरले आहे. ८ च्या खाली उतरला तर आधी गंजरोधक वाढवायचे, ७ च्या खाली गेला तर २६८ च्या २६८ लिटर बदलायचे, आणि त्या वेळी पाणी विहिरीचे घ्यायचे नाही.